आयआर८-२८८-३ : भाताच्या नावात दडलेली शेतातली माणसं

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजचा भाग इथे लिहूनही देतोय.

आज सुरुवात एका कोड्याने करूया. आयआर८-२८८-३. काय वाटतं ऐकून? मोबाईलचा मॉडेल नंबर? कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर? हे एका भाताचं पूर्ण नाव आहे. १९६६ साली आलेल्या या भाताने आशियातल्या कोट्यवधी लोकांच्या ताटातलं गणित बदललं. आपल्या पुस्तकांत तो ‘आयआर-८’ म्हणून येतो, हरितक्रांतीच्या धड्यात, एका ओळीत. मागचे दोन आकडे, २८८ आणि ३, पुस्तकात नसतात. आजची गोष्ट त्याच दोन आकड्यांची आहे.

कारण ते आकडे एका कामाची नोंद आहेत. ते काम करणाऱ्याला इंग्रजीत फील्ड टेक्निशियन म्हणतात. आपल्याकडे कृषी सहायक, फील्ड असिस्टंट आणि त्यांच्यासोबत राबणारे रोजंदारीवरचे मजूर. पीक संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरा कोट आणि मायक्रोस्कोप येतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं काम चिखलात उभं राहून, कात्री-चिमटा आणि पेन्सिल घेऊन होतं.

आधी नाव उलगडूया

फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस नावाचं गाव आहे. तिथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली, म्हणजेच ‘इरी’. त्या काळची अडचण अशी होती : आपल्याकडचे पारंपरिक भात उंच वाढायचे. त्यांना खत जास्त दिलं की ते आणखी उंच व्हायचे, लोंब्या भरल्या की वजन पेलवायचं नाही आणि सगळं पीक आडवं. शेतकऱ्याच्या भाषेत, पीक लोळायचं. खताचा पैसा पाण्यात.

मग हवा होता बुटका, ताठ भात. तैवानमध्ये तसा एक होता. त्याचं नाव डी-जिओ-वू-जेन. चिनी नावाचा अर्थ साधारण ‘आखूड पायांचा, काळ्या टोकाचा’. दुसरीकडे इंडोनेशियात ‘पेटा’ नावाचा उंच, जोमदार भात होता. १९६२ मध्ये पीटर जेनिंग्ज या शास्त्रज्ञाने अशा वेगवेगळ्या जोड्या जुळवायला घेतल्या. एकूण ३८ संकर केले. पेटा आणि डी-जिओ-वू-जेनची जोडी होती आठवी. म्हणून आयआर-८. इतकं सोपं!

या आठव्या संकरातून दाणे मिळाले १३०. फक्त १३०. मूठसुद्धा भरत नाही.

आता हिशेब करा. भाताच्या एका फुलातून एकच दाणा तयार होतो. म्हणजे निदान १३० फुलं एकेक करून कोणीतरी हाताने उघडली होती. ती कशी उघडतात, ते बघूया, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

एका फुलाची मिनिटं

भाताचं फूल म्हणजे आपण ज्याला साळीचा दाणा म्हणतो, तेच, अजून न भरलेलं. आत सहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर. नर-मादी एकाच घरात. फूल सकाळी साधारण नऊ ते अकराच्या आसपास उमलतं आणि तोपर्यंत आतल्या आत परागीभवन उरकलेलं असतं. म्हणजे दुसऱ्या जातीचा पराग घालायचा असेल तर त्याच्या आधी पोचायला हवं. आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा भल्या पहाटे.

मग काय करायचं? लोंबीवरची खूप कोवळी आणि आधीच उमललेली फुलं काढून टाकायची. उरलेल्या फुलांची टोकं बारीक कात्रीने तिरकी छाटायची. चिमट्याने आतले सहाही पुंकेसर काढायचे. पाच काढले आणि एक राहिला, तर फूल स्वतःचंच बी धरतं आणि वरून आपल्याला वाटतं की संकर झाला. चिमटा जरा जोरात लागला, तर स्त्रीकेसर दुखावतो आणि दाणाच धरत नाही. मग लोंबीवर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे वाऱ्याने भलताच पराग येणार नाही. दुसऱ्या दिवशी नर जातीची उमलती लोंबी आणायची, तिचा पराग पिशवीत झटकायचा, पिशवी पुन्हा बंद.

आणि शेवटी टॅग. मादी कोण, नर कोण, तारीख कोणती. पाऊस पडला तरी पुसलं जाऊ नये म्हणून शेतात आजही पेन्सिल लाडकी.

हा टॅग म्हणजे सगळ्या कामाचा जीव. चिमट्याचं काम चुकलं तर एक दाणा जातो. टॅग चुकला तर पुढची सहा-सात वर्षं चुकीच्या दिशेने जातात आणि बरेचदा कोणाला कळतही नाही. दाणा काही बोलत नाही, की अहो, माझा बाप वेगळाच आहे म्हणून.

दहा हजारांतून एक

चला, परत त्या १३० दाण्यांकडे. ते कुंड्यांमध्ये लावले. रोपं आली आणि सगळीच्या सगळी उंच! बुटकं एकही नाही. अनुवंशशास्त्र माहीत नसलेल्या माणसाने तिथेच कपाळावर हात मारला असता. पण बुटकेपणाचा गुण पहिल्या पिढीत दबलेला असतो. त्या उंच रोपांचं बी धरून दुसरी पिढी शेतात लावली, सुमारे १०,००० रोपं. आता मात्र साधारण चारातलं एक रोप बुटकं निघालं. मेंडेलने वाटाण्यावर जे पाहिलं होतं, तेच इथे चिखलात.

दहा हजार रोपं म्हणजे दहा हजार वेळा वाकून बघणं. हे उंच, काढा. हे उशिरा पिकणारं, काढा. हे बुटकं पण रोगट, काढा. या कामाचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. संशोधनाच्या शेतात पीक वाढवण्याइतकंच फेकून देण्याचं काम असतं. ज्या माणसाची नजर कच्ची, तो चांगलं रोप फेकतो आणि वाईट ठेवतो. ही नजर पुस्तकातून येत नाही. हंगामामागून हंगाम त्याच बांधावर चालून येते.

पुढच्या पिढीत रोपांना मुद्दाम करपा रोगाच्या तोंडी दिलं. जी टिकली आणि चांगली दिसली अशी २९८ रोपं वेगळी काढली. प्रत्येकाचं बी वेगळ्या पिशवीत, वेगळ्या नंबरने. पुढच्या हंगामात प्रत्येक पिशवीची एक स्वतंत्र ओळ लावली. २८८ क्रमांकाच्या ओळीत तिसरं रोप निवडलं गेलं. आठवा संकर, ओळ २८८, रोप ३. आयआर८-२८८-३!

ही निवड हेन्री बीचेल यांच्या देखरेखीखाली झाली. पुढे १९९६ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. उत्पादनाच्या चाचण्या घेणाऱ्यांत एक भारतीय शास्त्रज्ञ होते, एस. के. डे दत्ता. १९६६ च्या चाचणीत त्यांना हेक्टरी ९.४ टन उतारा मिळाला. तेव्हा फिलिपिन्समध्ये सरासरी होती टनभर. नोव्हेंबर १९६६ मध्ये वाण जाहीर झाला. त्याआधीच बातमी पसरली होती आणि बियाण्यासाठी शेतकरी थेट संस्थेच्या दारात येऊ लागले होते. काही सायकलवर, काही पायी. त्या वर्षात आलेल्या शेतकऱ्यांचा आकडा नोंदलेला आहे : २,३५९. बघा, इथेही कोणीतरी वही घेऊन बसलं होतं!

आपला याच्याशी काय संबंध? आहे ना. आयआर-८ भारतात आला, त्याच्याशी संकर करून १९७० साली ‘रत्ना’ निघाला. कोकणातल्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा, नाव ओळखतील. १९६८ साली जाहीर झालेला ‘जया’ गोव्याच्या खाचरांमध्ये आजही दिसतो. तो आयआर-८ चा मुलगा नाही, पण त्याचा बुटकेपणा त्याच तैवानी भाताकडून आलेला. म्हणजे चुलतभाऊ म्हणा.

एक खरं सांगायला हवं. आयआर-८ खायला काही फार चविष्ट नव्हता. दाणा जाडा, खडूसारखा पांढुरका, भात गार झाला की टणक. कीड-रोगही लागायचे. म्हणून काम थांबलं नाही. गुरदेव सिंग खुश यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये आयआर-३६ आला, १९८५ मध्ये आयआर-६४. प्रत्येकामागे पुन्हा चिमटे, पिशव्या, टॅग आणि हजारो रोपं.

पाखरं हाकणारी मुलं

आता भातावरून गव्हावर आणि फिलिपिन्सवरून मेक्सिकोत जाऊया. कारण हेच काम तिथे कसं चालायचं, त्यात शेतातल्या माणसांची गोष्ट जास्त ठळक दिसते.

नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत गेले. गव्हावर तांबेरा पडत होता, त्यावर उपाय शोधायचा होता. उत्तरेकडच्या याकी खोऱ्यात त्यांनी एका मोडकळीला आलेल्या संशोधन केंद्रावर काम सुरू केलं. ना ट्रॅक्टर, ना धड छप्पर. त्यांची युक्ती अशी, की हिवाळ्यात याकी खोऱ्यात, समुद्रसपाटीजवळ पीक घ्यायचं आणि लगेच ते बी हजार किलोमीटरहून अधिक दक्षिणेला, तोलुकाच्या उंच पठारावर उन्हाळ्यात लावायचं. एका वर्षात दोन पिढ्या. आपल्या एसटीच्या भाषेत, अप-डाऊन!

पण दोन हंगाम म्हणजे दुप्पट फुलं. गव्हाच्या एका फुलात तीन पुंकेसर, तेही ओंबीत दाटीवाटीने बसलेले. इतके हात आणायचे कुठून? शेतात पाखरं हाकायला आजूबाजूची पोरं ठेवलेली असायची. त्यांना ‘बर्ड बॉइज’ म्हणायचे. आपल्याकडे ज्वारीच्या हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची ना, तशी. बोरलॉग यांच्या गटाने याच पोरांना चिमटा धरायला शिकवला. बारीक बोटं, तीक्ष्ण नजर. त्यांतली काही पुढे त्याच कामात मुरली.

गव्हाच्या या नोंदींचीही एक लिपी आहे. संकराचा नंबर, मग पुढे आकडा आणि अक्षर, आकडा आणि अक्षर, अशी मालगाडी. अक्षर म्हणजे जागा. ‘वाय’ असेल तर ते बी याकीच्या शेतातून आलं. अक्षराआधीचा आकडा म्हणजे तिथे निवडलेल्या रोपाचा नंबर. आकडा शून्य असेल, तर वेगळं रोप न निवडता वाफ्यातलं बी एकत्र धरलं. म्हणजे ज्याला वाचता येतं, त्याला त्या एका ओळीत दाण्याचा सगळा प्रवास दिसतो.

असाच एक संकर होता, II-८१५६. त्याचं बी भारतात आलं, इथल्या शेतात त्यातून निवड झाली आणि ‘कल्याण सोना’ तयार झाला. पाकिस्तानात त्याच संकरातून ‘मेक्सिपाक’. मेक्सिकोत ‘सिएते सेरोस’. एकाच आजीची तीन नातवंडं, तीन देशांत तीन नावं. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, ते आपण शाळेत वाचतो. पण बियाणं आणलं म्हणजे वाण झाला असं नाही. आपल्या मातीत, आपल्या चपातीच्या चवीला आणि रंगाला काय चालेल, हे इथल्या वाफ्यांमधून फिरून निवडावं लागलं.

ऑक्टोबर १९७० मध्ये बोरलॉग यांना नोबेल जाहीर झालं. बातमी द्यायला त्यांच्या पत्नी गाडी घेऊन तोलुका भागातल्या शेतावर गेल्या. साहेब कुठे होते? गव्हाच्या वाफ्यात, नोंदी घेत. आणि बातमी ऐकूनही ते काम करत राहिले. या किश्श्यात आपण नेहमी बोरलॉग यांचा साधेपणा बघतो. पण ते त्या वाफ्यात एकटे नव्हते. सोबत काम करणारी तरुण मंडळी होती. काम अर्धवट सोडता येत नाही, हे त्या सगळ्यांनाच माहीत होतं. पिकाला सुट्टी कळत नाही.

आपल्या उसाचा आकडा

आता घरी येऊया. पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा आणि विचारा, “कुठला ऊस लावलाय?” उत्तर येईल, “दोनशे पासष्ट.” किंवा “शहाऐंशी शून्य बत्तीस.”

हा ‘दोनशे पासष्ट’ खरं तर दोनशे पासष्ट नाहीच. त्याचं नाव को-एम ०२६५. ‘को’ हे कोईमतूरच्या परंपरेतून आलेलं. तिथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. ‘एम’ महाराष्ट्रासाठी. ०२ म्हणजे २००२ साल. ६५ म्हणजे त्या वर्षीच्या यादीतला पासष्टावा. तसंच को ८६०३२ : साल १९८६, क्रमांक ३२. म्हणजे आपण टपरीवर बसून नकळत एका नोंदवहीचं पान वाचत असतो.

उसाचं काम आणखी चिवट. आपल्या हवेत उसाला तुरा आला तरी बी नीट धरत नाही. म्हणून संकर बहुतेक कोईमतूरला करतात आणि तिथून ते कापसासारखं भुरभुरीत बी आपल्याकडे पाडेगावच्या केंद्रात येतं. फलटण-नीरा भागातलं हे केंद्र १९३२ पासूनचं. त्या भुशातून रोपं तयार करायची, हजारोंनी लावायची आणि मग वर्षानुवर्षं गाळत जायचं. उसाचं एक पीक म्हणजे वर्ष, त्यात खोडव्याचाही हिशेब. लक्षात आलं का? २००२ चा नंबर मिळालेला ऊस शेतकऱ्यांसाठी शिफारस होईपर्यंत आणखी काही वर्षं गेली. तोवर कोणीतरी दर हंगामात त्या ओळीतले फुटवे मोजत होतं, कांडी मोजत होतं, रस काढून ब्रिक्स बघत होतं.

ज्वारीचंही तसंच. सोलापूरची शाळूची भाकरी ज्या मालदांडीची, तिचा ‘एम ३५-१’ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला. इथे संकरही नव्हता. शेतात उभ्या असलेल्या कणसांतून चांगली कणसं निवडायची, वेगळी पेरायची, पुन्हा निवडायची. म्हणजे हत्यार एकच, नजर. जवळपास ९० वर्षं झाली. कितीतरी नवे वाण आले, तरी रब्बीच्या कुठल्याही नव्या ज्वारीला विचारतात, “मालदांडीसारखी भाकरी होते का?”

कापसाची बोटं

कापसात तर या बोटांशिवाय दुकानात पाकीटच येत नाही. १९७० साली सुरतच्या केंद्रातून सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ दिला. व्यापारी पातळीवर पिकवलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. आपल्या नांदेडच्या केंद्रातून पुढे ‘एनएचएच-४४’ आला, तोही मराठवाडा-विदर्भात खूप गाजला.

संकरित वाणाचं बी शेतकऱ्याला दरवर्षी नवं लागतं. म्हणजे तो संकर दरवर्षी पुन्हा करावा लागतो, फूल-फूल हाताने. दुपारी उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी सोलून काढायची, खूण करायची. सकाळी नर फूल आणून त्यावर पराग लावायचा. एका बोंडात वीस-पंचवीस बिया. एका पाकिटामागे शंभराहून अधिक कळ्या कोणीतरी अशा सोललेल्या असतात.

आणि हे ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा बायका आणि मुली. आंध्र, गुजरातसारख्या भागांत कापसाच्या बीजोत्पादनात शाळेच्या वयाच्या मुली राबत होत्या, फवारलेल्या शेतात, कमी मजुरीवर. त्यावर अभ्यास झाले, आवाज उठला, कंपन्यांवर दबाव आला. मेक्सिकोतल्या पोरांची गोष्ट ऐकताना आपल्याला गंमत वाटली होती. त्या गोष्टीची ही दुसरी बाजू. बारीक बोटं उपयोगी पडतात, हे खरं. पण ती कोणाची, किती वयाची आणि किती पैशांत, हा प्रश्न विचारायलाच हवा.

नाव कोणाचं?

शेवटची गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातली. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. मराठवाड्यातलं शहर नव्हे, हे वेगळं. तिथे दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली त्यांनी ‘पटेल ३’ नावाचं धान लावलं होतं. त्यात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा जास्त बारीक. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या वर्षी पुन्हा निवडल्या.

ओळखलंत ना? ओळ २८८, रोप ३, तेच काम. फक्त पगार नाही, फील्ड बुक नाही, संस्था नाही.

तो तांदूळ इतका चालला की व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या लाडक्या घड्याळाचं नाव दिलं : एचएमटी. पुढे कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं घेतलं, शुद्ध केलं आणि ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून दिलं. दादाजींना पुरस्कार मिळाले, त्यांनी आणखीही वाण शोधले. पण श्रेयाचा आणि पैशाचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. जून २०१८ मध्ये ते हलाखीतच गेले. विदर्भात एचएमटी तांदूळ आजही रोज शिजतो.

आता सगळं जोडून बघा. ‘एच-४’सोबत सी. टी. पटेल यांचं नाव आठवतं, ‘कल्याण सोना’ म्हटलं की बोरलॉग आठवतात आणि ते योग्यच आहे. कुठली जोडी जुळवायची, कशासाठी, ही बुद्धी त्यांची. पण त्या जोडीतून काय निघालं हे शेतात मोजणारा, वाईट रोप उपटणारा, उन्हात उभं राहून खरा आकडा लिहिणारा माणूस नोंदवहीत ‘ओळ २८८’ लिहितो आणि स्वतःचं नाव लिहीत नाही. आणि त्याने एकदा जरी अंदाजाने आकडा टाकला असता, तर पुढचं सगळं शास्त्र त्या खोट्या आकड्यावर उभं राहिलं असतं.

आज ड्रोन आले आहेत, डीएनए मार्कर आहेत, टॅगवर बारकोड छापतात. छानच आहे. तरी भाताचे सहा पुंकेसर अजून चिमट्यानेच काढतात. कृषी पदविका करून तुमच्यापैकी कोणी या कामाला लागत असेल, तर घरचे विचारतील, “शिकून पुन्हा चिखलातच?” त्यांना आयआर८-२८८-३ ची गोष्ट सांगा.

आणि बाकीच्यांना एक छोटा गृहपाठ. घरातल्या तांदळाच्या पिशवीवर, शेतातल्या बियाण्याच्या पाकिटावर वाणाचं नाव बघा. त्यात आकडा असेल तर तो कशाचा, हे गावातल्या कृषी सहायकाला किंवा जवळच्या संशोधन केंद्रात विचारा. साल आहे, ओळ आहे की यादीतला क्रमांक? काय सापडलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर ऐकत राहा, विचारत राहा!